आईला झोप लागली पाहिजे

छोटे, काल फोनवर म्हणालीस, "ताई, आईला न्यायचं तर फर्स्ट क्लासनंच." आई शेजारीच बसली होती, म्हणून मी फार बोलले नाही. तुझा बेत मला मनापासून आवडला. आपल्या आईनं आयुष्यभर एसटीच्या तिकिटाचे पैसेसुद्धा दोनदा मोजून दिले. आता लेकीनं तिला विमानात गादीवर झोपवून नातीच्या पदवीदानाला पिट्सबर्गला न्यावं, याहून चांगलं काय असणार? पण मी इतकी वर्षं तिकिटांच्या ऑफिसात काढली आहेत, फर्स्ट क्लासनं जाऊन आलेल्या माणसांचे चेहरे पाहिले आहेत. काही तृप्त होऊन येतात, काही हिरमुसून. हिरमुसलेल्यांना बहुतेक वेळा कंपनीनं काही कमी दिलेलं नसतं. त्यांनी मनात धरलेलं एक असतं आणि पैसे भरून घेतलेलं दुसरंच. म्हणून तिकीट काढायच्या आधी तुझ्याशी नीट बोलायचं आहे.

आधी हे सांग, तुला आईसाठी नेमकं काय हवंय? काल तू मला दारं असलेल्या खोल्या, विमानातली अंघोळ, कॅव्हियार, असं बरंच काही सांगितलंस. ते सगळं आहे, खरं आहे. पण आईचे गुडघे, तिची झोप आणि तिचा संकोच, या तीन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून त्या यादीकडे बघ. मग कशासाठी किती पैसे मोजायचे ते तुझं तुलाच उमगेल.

फर्स्ट क्लासची जी ओढ आपल्या मनात आहे ना, ती फार जुनी आहे. ८ जून १९४८ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं, तेव्हा विमानानं परदेशी जाणं हीच श्रीमंती होती. स्वस्त 'टुरिस्ट' भाडी अटलांटिकवर १९५२मध्ये आली आणि इकॉनॉमी क्लास १९५८मध्ये. महाराजा वाकून नमस्कार करतोय ते चित्र, हॉटेलसारखं वाढलेलं जेवण, हे सगळं त्या काळातून आपल्या मनात बसलं आहे. पण तेव्हा फर्स्ट क्लासमध्येही माणूस बहुधा खुर्चीतच बसायचा. खुर्ची मोठी, पाठ मागे रेललेली, एवढंच. सीट पूर्ण आडवी होऊन तिचा पलंग व्हायला लागला तो नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, ब्रिटिश एअरवेजच्या फर्स्ट क्लासमध्ये. आणि २०००मध्ये त्याच कंपनीनं तसाच पलंग बिझनेस क्लासलाही दिला. तिथून सगळा हिशेबच बदलला. आपल्या मुंबईच्या जेट एअरवेजनं २००७मध्ये फर्स्ट क्लासला दार असलेल्या खोल्या दिल्या, तेव्हा ऑफिसात आम्ही त्यांची माहितीपत्रकं हातोहात फिरवून बघत होतो. दहाच वर्षांत, २०१७मध्ये, कतार एअरवेजनं दार बिझनेस क्लासला लावलं. आज एअर इंडियाच्या ए३५० विमानात फर्स्ट क्लासच नाही. पुढे बिझनेसच्या २८ जागा, त्यांनाच दारं आणि तिथेच पलंग.

हे तुला का सांगते? कारण पाठ आडवी करून झोपायला मिळणं एवढंच हवं असेल, तर ते आता बिझनेस क्लासमध्येही मिळतं, आणि बरंच स्वस्त. शिवाय न्यू यॉर्कपर्यंत थेट विमान मिळालं तर मध्ये उतरायला नको. मला विचारशील तर आईसाठी मध्ये न उतरणारं बिझनेस हे उतरून बदलायच्या फर्स्टपेक्षा वरचढ. तारखा जुळल्या तर आधी ते बघ. पण तुझं मन दुबईवरून एमिरेट्सच्या फर्स्टनं जाण्यावरच असेल, तर त्यालाही माझी ना नाही. जास्तीच्या पैशांत जागा जास्त मिळते, शांतता जास्त मिळते, आणि एकेका प्रवाशाकडे बघायला माणसं जास्त असतात. तिसरी गोष्ट आईसाठी फार मोलाची आहे. त्या गोष्टीकडे मी पुन्हा येईन.

एक लक्षात ठेव, मुंबई ते दुबई जेमतेम तीन तासांचा प्रवास. उड्डाण झालं, जेवण झालं, की उतरायची घोषणा. तिथे पलंग असून तो घालायला वेळ नाही. खरी रात्र आहे ती दुबई ते न्यू यॉर्क, चौदा तासांच्या आसपास. तुझे पैसे तिथे कामाला येणार आहेत. भाव विचारताना दोन्ही सेक्टरचे वेगवेगळे विचार. पहिला टप्पा बिझनेस आणि दुसरा फर्स्ट असं तिकीट मिळतं का, किती वाचतात, ते बघू. आणि सप्टेंबर २०२५पासून इकॉनॉमीच्या वरच्या वर्गांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे, तोही धरून बेरीज कर.

आता विमान. एमिरेट्सच्या ए३८०त फर्स्ट क्लास वरच्या मजल्यावर, अगदी पुढे. १४ खोल्या, एक-दोन-एक अशा. बाकी विमानात चारशे-पाचशे माणसं असतात, म्हणून तिथे शिरल्यावर शांतता कानाला जाणवते. पण एमिरेट्सच्या सगळ्याच ए३८०त फर्स्ट नाही. काहींत सगळ्यात वरचा वर्ग बिझनेसच असतो. आणि बोइंग ७७७ लागलं तर फर्स्ट क्लास असला तरी अंघोळ नाही. ती फक्त ए३८०त. कंपन्या ऐनवेळी विमान बदलतात, तो त्यांचा हक्क तिकिटाच्या अटींमध्ये लिहिलेलाच असतो. तेव्हा "वर मस्त अंघोळ करायची हं आई," असं तिला आत्तापासून सांगून ठेवू नकोस.

जागा घेताना खिडकीच्या मागे लागू नकोस. आपण लहानपणी खिडकीसाठी भांडायचो ते वेगळं. खिडकीची खोली एकट्याची असते. दार लागलं की आई त्या चार भिंतींत एकटी पडेल, आणि तू पलीकडे. रात्री जाग आल्यावर आपण कुठे आहोत हेच तिला क्षणभर कळणार नाही. मधल्या दोन खोल्या शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्यामधला पडदा खाली करता येतो. त्या घे. हात लांब केला की तिच्या हाताला तुझा हात लागला पाहिजे. दार लावायची सक्ती नसते. उड्डाणाच्या आणि उतरायच्या वेळी तर ती उघडीच ठेवावी लागतात.

आता मुख्य गोष्ट, झोप. आमच्याकडे एक काका यायचे, निवृत्त इंजिनिअर. मुलानं तिकीट पाठवलं होतं फर्स्टचं. आल्यावर मी हौसेनं विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, सगळं उत्तम, पण डोळ्याला डोळा लागला नाही. का? तर एवढ्या पैशाचं तिकीट, झोपून कसं घालवायचं! प्रत्येक पदार्थ मागवला, सिनेमे बघितले, शॅम्पेन घेतली, लाउंजच्या बारमध्ये उभे राहिले. उतरले ते डोकं धरून, आणि नातवाबरोबरचे पहिले दोन दिवस झोपण्यात गेले. छोटे, आपल्या लोकांच्या रक्तात आहे हे पैसे वसूल करणं, आणि त्यात वाईट काही नाही. पण फर्स्ट क्लासमध्ये पैसे वसूल होतात ते झोपून. तिथली सगळ्यात महाग वस्तू कॅव्हियार नाही, आठ तासांची सलग झोप आहे. आई न्यू यॉर्कला ताजीतवानी उतरली, तर तुझा रुपयान् रुपया फिटला असं समज.

त्यासाठी काय करायचं ते सांगते. लाउंजमध्येच पोटभर जेवून घ्या. दुबईच्या कॉनकोर्स एमध्ये, जो २०१३मध्ये खास ए३८०साठी बांधला, फर्स्ट क्लासचं लाउंज प्रशस्त आहे आणि तिथून थेट विमानाच्या वरच्या मजल्यावर जाता येतं. विमानात चढल्यावर पांघरूण मागायला संकोचू नकोस. गादी अंथरायला सांगितलं की विमानातल्या मुली येऊन पलंग घालून देतात. रात्रीचे कपडेही देतात, ते घरी आणता येतात. पण आईला पायजमा चालायचा नाही, तिचा सुती गाऊन हातातल्या पिशवीत ठेव. झोपताना सीटबेल्ट पांघरुणाच्या वरून बांध, आतून नको. हवा खराब झाली की कर्मचाऱ्यांना प्रत्येकाचा पट्टा बघावा लागतो. तो वर दिसला तर ते आईला उठवणार नाहीत. एवढ्याशा गोष्टीनं दोन तासांची झोप वाचते.

पण सलग चौदा तास पडून राहू देऊ नकोस हं. पलंग असला तरी रक्त साकळायचा धोका वयस्कर माणसाला असतोच. जाग येईल तेव्हा तिला मार्गिकेत चार पावलं चालव, घोटे फिरवायला लाव. आणि पाणी. विमानातली हवा इतकी कोरडी असते की ओलावा दहा-वीस टक्क्यांवर येतो. वर्ग कुठलाही असो, हवा तीच. आत हवेचा दाबही कमी असतो, सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा. महाबळेश्वरहून कितीतरी उंच. आईच्या रक्तदाबाच्या डॉक्टरांना निघायच्या आधी एकदा विचारून घे, आणि गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नकोस.

जेवणाचं मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण इथेच आपल्या लोकांचा घोटाळा होतो. बुकिंग करताना 'हिंदू मील' असा पर्याय दिसेल. तो शाकाहारी नसतो गं! त्यात गोमांस नसतं इतकंच. चिकन, मटण, मासे असू शकतात. किती आज्या मी पाहिल्या, मुलानं भक्तिभावानं हिंदू मील निवडलेलं आणि समोर चिकन आलेलं. आईसाठी 'एशियन व्हेजिटेरियन' निवड, त्याचा कोड एव्हीएमएल. तिला त्या दिवशी कांदा-लसूण नको असेल तर जैन, व्हीजेएमएल. निदान चोवीस तास आधी नोंदव, आणि चढल्यावर त्या मुलीला पुन्हा एकदा विचार. फर्स्टमध्ये मेन्यूत बरंच काही असतं आणि हवं तेव्हा मागता येतं, तरी आधी नोंदवलेलं बरं. शेवटी विमानात स्वयंपाक होत नाही. जमिनीवर शिजवून वर गरम करतात, जे चढलं तेवढंच असतं.

आणि आई पहिल्या घासाला म्हणेल, "अळणी आहे." तिला दोष देऊ नकोस, स्वयंपाक्यालाही नको. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेनं लुफ्तान्सासाठी २०१०मध्ये हेच तपासलं होतं, जमिनीवर विमानासारखा दाब आणि कोरडी हवा तयार करून. वर मीठ वीस-तीस टक्क्यांनी आणि साखर पंधरा-वीस टक्क्यांनी कमी जाणवते. टोमॅटोसारख्या पदार्थांची चव मात्र तशीच टिकते, म्हणून तर जमिनीवर कधी न पिणारी माणसं वर टोमॅटोचा रस मागतात. तू कोरडी लसणीची चटणी आणि मेतकूट डबीत घे. लोणच्याचं तेल सुरक्षा तपासणीत अडतं. आणि मे महिना आहे, आई हापूसची पेटी काढून ठेवेल, मला माहीत आहे. तिला आधीच समजावून सांग, अमेरिकेत प्रवाशाच्या सामानातून ताजे आंबे नेता येत नाहीत. तिथे काढून घेतले तर तिचा जीव तुटेल.

आता ती तिसरी गोष्ट म्हणाले होते ना, माणसं. तुला माहीत आहे, आई कुणाला काम सांगत नाही. दवाखान्यात होती तेव्हा नर्सला हाक मारायला नको म्हणून रात्रभर तहानलेली राहिली. तशीच ती तिथेही बसेल, हात मांडीवर ठेवून, समोर बटण असताना. त्या मुली वारंवार येऊन विचारतात, पण इंग्रजीत विचारतात, आणि आई मान हलवून "नो, थँक यू" म्हणून मोकळी होते. याला फर्स्ट क्लासमध्येही इलाज नाही, तू केल्याशिवाय. म्हणून चढल्या चढल्या, स्वागताचं पेय येईल तेव्हाच, त्या मुलीशी बोलून घे: आईला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, बोलताना समोर या. तिला थंड नको, कोमट पाणी द्या. चहा दूध घालून, साखर वेगळी. स्वच्छतागृहात जाताना हात द्या, दाराची कडी कशी ते दाखवा. हे ऐकून ती कंटाळणार नाही, उलट तिला बरं वाटेल. प्रवाशाला काय हवंय हे ओळखण्यातच तिचं निम्मं काम जातं. तू ते सोपं करून दिलंस. विमानात हिंदी बोलणारं कुणी असलं तर विचारून बघ, बऱ्याचदा असतं. आईलाही आदल्या दिवशी सांग, "ही माणसं आपलीच काळजी घ्यायला आहेत, हाक मारलीस तर त्यांना आवडतं." टिप द्यायची नसते, तेही सांग, नाहीतर ती पदराची गाठ सोडत बसेल.

अंघोळीचं म्हणशील तर, आहे ती सोय सुंदर. दोन स्नानघरं, वेळ ठरवून घ्यायची, गरम पाणी पाच मिनिटं. पण विमान हलतं, फरशी ओली, आणि आईचे गुडघे. तिला वाटलं आणि हवा शांत असली तर तुला आत सोबत राहता येतं का ते विचार. नाहीतर गरम टॉवेलनं तिचं तोंड, हात, पाय पुसून दे. तिला तेवढंच पुरेल. तू मात्र कर हं अंघोळ, उतरायच्या दोन तास आधी. तुलाही मिळायला हवं काही.

आता जमिनीवरचं. हे नीट ऐक, कारण इथे फर्स्ट क्लास फारसा उपयोगी पडत नाही. व्हीलचेअर फर्स्टच्या तिकिटात आपोआप येत नाही, ती वेगळी मागावी लागते, आणि मागितली तर इकॉनॉमीवाल्यालाही फुकट मिळते. बुकिंगमध्येच नोंदव: मुंबई, दुबई आणि न्यू यॉर्क, तिन्हीकडे. घरून न्यायला गाडी काही कंपन्या देतात, पण अंतराची मर्यादा असते आणि आधी सांगावं लागतं. अमेरिकेच्या इमिग्रेशनच्या रांगेला तुझ्या तिकिटाचा रंग दिसत नाही. तिथे व्हीलचेअरचाच काय तो उपयोग. बॅगा न्यू यॉर्कलाच उचलून, कस्टम्समधून काढून, पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात, मग त्यांवर पिट्सबर्गचा टॅग लागलेला का असेना. त्यासाठी निदान तीन-चार तास मध्ये ठेव.

आणि त्या पुढच्या विमानाबद्दल. न्यू यॉर्क ते पिट्सबर्गच्या तिकिटावर 'फर्स्ट' असं छापून आलं, तर पलंगाची वाट बघू नकोस. अमेरिकेतल्या देशांतर्गत फर्स्ट क्लासमध्ये बहुतेक वेळा एक रुंद खुर्ची आणि थोडं जास्त खायला, एवढंच असतं. दीड तासाला तेवढं पुरे आहे. फक्त आईला वाटायला नको की आपल्याला खालच्या वर्गात ढकललं.

खरोखर ढकललं तर? तसंही होतं. विमान बदलतं, सीट नादुरुस्त निघते. त्यासाठी आपल्या सरकारी विमान वाहतूक नियामकानं, डीजीसीएनं, २०२३मध्ये नियम केला आहे: आपली इच्छा नसताना खालच्या वर्गात बसवलं तर आंतरराष्ट्रीय प्रवासात १५०० किलोमीटरपर्यंत तिकिटाच्या किमतीच्या ३० टक्के, ३५००पर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के परत. युरोपातही असाच नियम आहे. परदेशी कंपनीच्या आणि परदेशातून सुटणाऱ्या सेक्टरच्या अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून तिकीट काढतानाच फेअर रूल्स मागून घे. काउंटरवर वाद घालू नकोस, आई घाबरेल. कारण लिहून माग, बोर्डिंग पास जपून ठेव, पैशांचं मी इथून बघते. बॅग हरवली तर मात्र फर्स्टवाल्याला वेगळा न्याय नाही. मॉन्ट्रियल करारानं भरपाईची मर्यादा सगळ्या प्रवाशांना सारखीच ठेवली आहे. म्हणून आईची पैठणी हातातल्या बॅगेत, आणि विमा दोघींचाही काढ.

आणखी एक, हे आजच कर. आईच्या पासपोर्टवर तिचं नाव, बाबांचं नाव आणि आडनाव कुठल्या क्रमानं छापलंय ते बघ. आपल्याकडे मधलं नाव दिलेल्या नावाला जोडून छापतात, तिकिटावर ते सोडून दिलं की काउंटरवर अडतं. पासपोर्टच्या दोन्ही पानांचा फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठव, सोबत त्या विमानाचा सीट मॅप. मधल्या दोन जागा रिकाम्या दिसल्या तर उद्या सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या मी त्या धरून ठेवायला सांगते.